आई असलेले अनाथ



या मालिकेत आपण एरवी लढाया, किल्ले आणि पलटणी यांच्याबद्दल बोलतो. लढाई संपल्यावर मागे राहिलेल्या लेकरांचं काय होतं, हा विषय आजवर राहूनच गेला. आज तो घेतोय, आणि त्याला निमित्त झालं इंदूरच्या एका ताईंच्या पत्राचं. त्यांनी लिहिलं, "सर, आमचा मुलगा परदेशात असतो. आफ्रिकेतल्या एका खेड्यातल्या बालगृहाला तो दरमहा पैसे पाठवतो. आता आम्हालाही पाठवा म्हणतोय. तुम्ही शांतिसेनेतर्फे तिकडे होतात. पाठवावेत का?"

प्रश्न दोन ओळींचा आहे. उत्तरासाठी मात्र मी तुम्हाला कोलकात्याला घेऊन आलोय. हा भाग एस्प्लनेडला चित्रित केला. पुस्तकात वाचणाऱ्यांसाठी सांगतो, माझ्या मागे शहीद मिनार आहे, बाजूला बसगाड्यांचा अड्डा आहे आणि कंडक्टरांचा आरडाओरडा अखंड चालू आहे. देशातली पहिली मेट्रो १९८४ साली इथूनच भवानीपूरकडे धावली. नव्वदच्या दशकात माझी बदली इथल्या फोर्ट विल्यममध्ये झाली होती. संध्याकाळी मैदान ओलांडून इथपर्यंत चालत यायचं, मातीच्या कुल्हडातला चहा प्यायचा आणि परत जायचं, असा माझा नेम होता. आज जे सांगणार आहे, त्यातलं काहीही मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

किल्ला, खंदक आणि आपण

एस्प्लनेड हा मुळात आमच्या पेशातला शब्द. किल्ल्याच्या तटापासून वस्तीपर्यंत जी जमीन मुद्दाम मोकळी ठेवतात, ती एस्प्लनेड. शत्रूला आडोसा मिळू नये आणि तोफांना समोर अडथळा नसावा, एवढाच तिचा उपयोग. १७५७ साली प्लासीची लढाई झाली आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी नवा फोर्ट विल्यम बांधायला घेतला. त्यासाठी गोविंदपूर नावाचं गाव उठवलं, झाडी तोडली आणि हे मैदान तयार झालं. याच किल्ल्याला आता लष्कराने 'विजय दुर्ग' असं नाव दिलं आहे, आपल्या कोकणातल्या विजयदुर्गावरून.

त्याच्याही आधीची एक गोष्ट आपल्याला थेट लागू होते. इथून पूर्वेला गेलात की आचार्य जगदीशचंद्र बोस रोड लागतो. त्याचं जुनं नाव लोअर सर्क्युलर रोड. सर्क्युलर रोडची आखणी ज्या रेषेवर झाली, ती 'मराठा डिच'ची, म्हणजे मराठ्यांच्या भीतीने खणायला घेतलेल्या खंदकाची. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगालात उतरले. कलकत्तेकरांनी घाबरून सात मैलांचा खंदक आखला. सुमारे तीन मैल खणून झाला, तोवर धोका टळला आणि काम थांबलं. पुढे १७९९ च्या सुमारास खंदक बुजवून रस्ता केला.

शाळेत आपण हा इतिहास 'मराठ्यांची बंगालवर स्वारी' या मथळ्याखाली शिकलो. चौथाई मिळाली, ओरिसा मिळाला, मार्क मिळाले. बंगालीत मात्र यावर अंगाई आहे. आया मुलांना झोपवताना आजही बर्गी आल्याचं गाणं म्हणतात, आणि बर्गी म्हणजे आपले बारगीर. त्या दहा वर्षांत गावं जळाली, माणसं मेली, बायकांवर अत्याचार झाले. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच काळात 'महाराष्ट्र पुराण' या नावाने ते लिहून ठेवलं आहे. फोर्ट विल्यममधल्या आमच्या एका बंगाली सुभेदारसाहेबांनी मला ही अंगाई समजावून सांगितली, तेव्हा मी हसलो होतो. आज हसू येत नाही. अनाथ मुलांबद्दल बोलताना आपण नेहमी देणाऱ्याच्या बाजूला उभे असतो. या शहरात मराठी माणसाने आधी हेही मान्य करायला हवं की, बंगालातली कितीतरी लेकरं आपल्या घोड्यांच्या टापांखाली पोरकी झाली.

पगारातून कापलेला पैसा

आता इंग्रजांकडे वळू. कंपनीच्या फौजेत गोरे अधिकारी आणि गोरे शिपाई विलायतेहून एकटे यायचे. इथल्या बायकांशी त्यांचे संसार व्हायचे, मुलं व्हायची. मग साहेब लढाईत, नाहीतर तापाने जायचा. मुलं उघड्यावर पडायची.

यावर १७८३ साली कलकत्त्यात बंगाल मिलिटरी ऑर्फन सोसायटी निघाली. तिच्यामागे प्रामुख्याने विल्यम कर्कपॅट्रिक नावाचा तरुण कॅप्टन होता. पुढे हाच गृहस्थ महादजी शिंद्यांच्या दरबारी कंपनीचा रेसिडेंट झाला. सोसायटीची पद्धत साधी होती. दर अधिकाऱ्याच्या पगारातून दरमहा ठरावीक रक्कम कापून घ्यायची आणि त्यातून मुलांचं राहणं, जेवण, शिक्षण चालवायचं. शाळा आधी हावड्याला होती. मग १७९० च्या सुमारास ती खिदिरपूरला आली. एस्प्लनेडहून नैर्ऋत्येला मैदान ओलांडलं की पुढे खिदिरपूर.

एक जुना फौजी म्हणून मला या योजनेचं कौतुक वाटतं. कोणाला गहिवर आला म्हणून पैसे, असा इथे प्रकार नव्हता. गहिवर दिवाळीला येतो आणि शिमग्यापर्यंत ओसरतो. मुलाला भूक मात्र रोज लागते. महिन्याच्या महिन्याला, न मागता, पगारातून कापलेला पैसा हाच मुलाला पुरतो. ही गोष्ट ताईंच्या मुलाने बरोबर ओळखली आहे.

आता दुसरी बाजू. सोसायटीने दोन शाळा केल्या. अधिकाऱ्यांच्या मुलांची वरची, साध्या गोऱ्या शिपायांच्या मुलांची खालची. बाप मेला तरी त्याचा हुद्दा मुलाच्या ताटापर्यंत येत होता. आणि खरा मुद्दा याच्याही पुढे आहे. यातल्या पुष्कळ मुलांच्या आया जिवंत होत्या. त्या हिंदुस्थानी होत्या, इतकंच. कागदावर अनाथ म्हणजे बाप नसलेला. देशी आई पालकांत मोजलीच जात नव्हती. मूल तिच्याकडून काढून घ्यायचं, इंग्रजी चालीरीतीत वाढवायचं आणि तिच्या घराशी, भाषेशी, धर्माशी त्याचा संबंध राहू द्यायचा नाही, हाच त्या उपकाराचा पाया होता.

मग त्या मुलांना इंग्रजांनी तरी आपलं म्हटलं का? १७८६ साली हुकूम निघाला की, वरच्या शाळेतल्या या मुलांना शिक्षणासाठी विलायतेला पाठवायचं नाही. १७९१ साली देशी आईच्या मुलांना कंपनीच्या मुलकी आणि लष्करी अधिकारपदांचे दरवाजे बंद झाले. १७९५ साली नियम आणखी कडक झाला. आईबाप दोघंही युरोपियन नसतील, तर फौजेत फक्त बासरीवाला, ढोलवाला, बँडवाला किंवा नालबंद म्हणून नोकरी. मुलींसाठी खिदिरपूरला नाचाचे कार्यक्रम भरायचे. अविवाहित अधिकारी तिथे यायचे आणि लग्नं जमायची. आईकडे परत जायची वाट आधीच बंद केलेली, आणि बापाच्या जातभाईंनी दार लावून घेतलेलं. अशी एक अख्खी पिढी मध्येच लटकली.

कर्कपॅट्रिकच्या स्वतःच्या घरातही हेच घडलं. त्याचा सावत्र भाऊ जेम्स हैदराबादेत रेसिडेंट होता. त्याने खैरुन्निसा या खानदानी मुलीशी लग्न केलं. १८०५ साली त्यांची दोन चिमुकली मुलं जहाजाने इंग्लंडला धाडली गेली. त्याच वर्षी जेम्स इथे कलकत्त्यात वारला. खैरुन्निसा पुढे आठ वर्षं जगली, पण पोरं तिला पुन्हा दिसली नाहीत.

चार आणे आणि शिंद्यांची फौज

या सगळ्यात एका मुलाची हकीकत आपल्या जवळची आहे. जेम्स स्किनर. जन्म १७७८, कलकत्ता. बाप स्कॉटिश, कंपनीच्या फौजेत. आई राजपूत. १७९० साली बापाने मुलींना शाळेत घालायचं ठरवलं. मुली पडद्याबाहेर गेल्या तर आपली अब्रू गेली, असं त्या माउलीला वाटलं. तिने जीव दिला. शाळा वाईट होती असं नाही, बापाचा हेतूही वाईट नव्हता. आईला कोणी विचारलं नाही, एवढंच झालं. जेम्स तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याला आणि त्याच्या भावाला धर्मादाय शाळेत टाकलं गेलं.

१७९५ मध्ये त्याला एका छापखान्यात उमेदवारीला लावलं. तिसऱ्या दिवशी रात्री भिंतीवरून उडी मारून तो पळाला. खिशात चार आणे. ते सहा दिवस पुरले. मग याच कलकत्त्याच्या बाजारात ओझी वाहायची, सुतारांच्या हाताखाली राबायचं, मिळेल ते खायचं. शेवटी बहिणीच्या नोकराने त्याला ओळखलं आणि घरी नेलं.

पोराला शिपाईगिरी करायची होती, आणि कंपनीची फौज त्याला बंद होती. त्याच्या धर्मपित्याने, कर्नल बर्नने, त्याला चिठ्ठी देऊन उत्तरेत दी बॉयनकडे पाठवलं. दी बॉयन म्हणजे शिंद्यांच्या कवायती फौजेचा सेनापती. दरमहा दीडशे रुपयांवर स्किनर मराठ्यांच्या चाकरीत अधिकारी झाला. मंडळी, हे जरा लक्षात घ्या. ज्यांच्या भीतीने कलकत्त्याने खंदक खणला होता, त्यांनीच कलकत्त्याने टाकलेल्या पोराला वर्दी दिली.

१८०३ साली इंग्रज आणि शिंदे यांच्यात युद्ध पेटलं. शिंद्यांकडच्या फ्रेंच सेनापतीने इंग्रजी रक्ताच्या अधिकाऱ्यांना काढून टाकलं. स्किनर नाइलाजाने लॉर्ड लेककडे गेला, पण अट घालून गेला की, माझ्या जुन्या धन्याविरुद्ध, शिंद्यांविरुद्ध मी लढणार नाही. लेकने अट मान्य केली. त्याच वर्षी त्याच्या हाताखाली जे घोडदळ उभं राहिलं, ते आजही आपल्या लष्करात आहे, स्किनर्स हॉर्स. लोक त्याला सिकंदर साहेब म्हणत. मी नोकरीत असताना त्या रेजिमेंटच्या अधिकाऱ्यांबरोबर मेसमध्ये जेवलो आहे. भिंतीवर त्या साहेबाचं चित्र होतं. त्याच्या आईबद्दल मात्र त्या रात्री कोणी एक शब्द बोललं नाही. मीही विचारलं नाही.

पुण्याचं घर आणि केडगावचं

आता थोडं आपल्याकडे येऊ. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. लहान वयात विधवा झालेल्या, फसवल्या गेलेल्या आणि दिवस गेलेल्या बायका लोकलाजेपायी एकतर स्वतः जीव द्यायच्या, नाहीतर मूल मारायच्या. अशा बाईने इथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं. मूल न्यायचं की ठेवायचं, हे तिने ठरवावं.

ठरवायचं तिने, ही गोष्ट खिदिरपूरच्या शाळेशी ताडून पाहा. जोतीरावांनी दार उघडलं ते आधी आईसाठी. मूल वाचवायचं असेल तर आईला वाचवावं लागतं, हा त्यातला हिशेब होता. आणि हिशेब त्यांनी लपवला नाही. १८८४ मध्ये त्यांनी स्वतः लिहिलं की, तोवर पस्तीस गरोदर विधवा या गृहात येऊन गेल्या. जन्मलेल्या मुलांपैकी पाच जगली. आयांनी आधी पोटात घेतलेल्या विषारी औषधांनी बाकीची गेली. आज एखाद्या संस्थेचा अहवाल पाहा. हसऱ्या मुलांचे फोटो असतात, असा आकडा कोणी छापत नाही. या गृहात आलेल्या एका विधवेचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो यशवंत. तो डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई गेल्या त्या त्याच्याबरोबर रोग्यांची सेवा करताना.

दुसरं नाव पंडिता रमाबाईंचं, आणि त्यांचा धागा पुन्हा याच शहराशी जोडलेला आहे. १८७४ च्या आसपास दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण पाठोपाठ गेले. पोरकी झालेली ही मुलगी आणि तिचा भाऊ हजारो मैल पायी भटकत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. इथल्या विद्वानांनी त्या वीस वर्षांच्या मराठी मुलीचं संस्कृत ऐकलं आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. पुढे १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. दौंडजवळ केडगावला त्यांचं मुक्ती सदन उभं राहिलं. धर्मांतरावरून त्यांच्यावर टीका झाली, आजही होते, आणि ती चर्चा व्हायलाच हवी. पण भुकेने पोरकं होणं म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नव्हतं. केडगावला मुलींना नुसतं जेवण मिळालं नाही. विणकाम, छपाई, शेती अशी हाताला कामं मिळाली. तिथून बाहेर पडणारी बाई स्वतःच्या पायावर उभी राहील, ही सोय त्यांनी पाहिली होती.

१९४३: चौरंगीचे फूटपाथ

परत एस्प्लनेडला येऊ. इथे चौरंगी स्क्वेअरला 'द स्टेट्समन' या वृत्तपत्राची इमारत आहे. १९४३ साली बंगालात लाखो माणसं उपाशी मरत होती. भात मिळेल या आशेने खेड्यांतून माणसांचे लोंढे कलकत्त्याला येत होते आणि याच फूटपाथांवर पडत होते. एस्प्लनेडला हॉटेलं चालू होती, महायुद्धामुळे सैनिकांची वर्दळ होती, आणि शेजारी लहान मुलं भाताची पेज मागत फिरत होती. सरकार 'दुष्काळ' हा शब्द उच्चारायला तयार नव्हतं. संपादक इयन स्टीफन्स यांनी २२ ऑगस्टला रस्त्यावर पडलेल्या माणसांचे फोटो छापले आणि जगाला कळलं. ऑक्टोबरमध्ये लॉर्ड वेव्हेल व्हाइसरॉय झाले. काही दिवसांत ते कलकत्त्याला आले आणि धान्य पोहोचवायला त्यांनी फौज लावली. तोवर फार उशीर झाला होता. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा पंधरा लाख धरला. नंतरचे अभ्यासक तो तीस लाखांच्या आसपास धरतात.

त्या वेळी जी मुलं अनाथालयांत गेली, त्यातली कित्येक खरोखर पोरकी होती. पण कित्येकांना त्यांच्या आयांनी अन्नछत्रापाशी मुद्दाम सोडलं होतं. माझ्याजवळ राहिलं तर मरेल, इथे सोडलं तर कोणीतरी खायला घालेल, असा तो विचार. त्या बाईला आपण निर्दय म्हणायचं का? तिच्याकडे पसाभर तांदूळ असता, तर ते मूल अनाथ झालंच नसतं.

याच शहरात १९५५ साली मदर तेरेसांनी लोअर सर्क्युलर रोडवर निर्मला शिशु भवन सुरू केलं. मी इथे असताना दोनदा तिथे गेलो होतो. उकिरड्यावर टाकलेली, आजारी, अपंग अशी मुलं तिथे होती. त्यांना दुसरं कोणीच नव्हतं. म्हणून सांगतो, बालगृह नकोच, असं मी म्हणत नाही. काही मुलांसाठी तेच एक दार असतं. प्रश्न एवढाच की, त्या दारातून आत आलेल्या प्रत्येक मुलाला खरंच कोणी नव्हतं का?

मामा बाजारात असतो

आता आफ्रिका. २००८ साली मी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत काँगोच्या पूर्व भागात, उत्तर किवू प्रांतात होतो. गोमा हे तिथलं मुख्य शहर. पलीकडे रवांडा. आमच्या तळापासून काही अंतरावर एका खेड्यात एक बालगृह होतं. पन्नास-साठ मुलं असतील. पत्र्याचं छप्पर गळत होतं. आमच्या जवानांनी ते दुरुस्त केलं, डॉक्टरसाहेबांनी मुलं तपासली. मग जवानांनी आपणहून वर्गणी काढायला सुरुवात केली. साताऱ्याचा एक हवालदार दर महिन्याला सगळ्यांकडून पैसे गोळा करून वहीत लिहायचा. दूध पावडर, मक्याचं पीठ, साबण. मला त्याचा अभिमान वाटायचा.

एकदा सात-आठ वर्षांचा एक मुलगा त्या हवालदाराचा हात धरून बाजाराच्या दिशेने ओढायला लागला. "मामा, मामा, सोको," असं काहीतरी म्हणत होता. हवालदार माझ्याकडे आला. "साहेब, ह्याचा मामा बाजारात असतो म्हणतोय. भेटवून आणू का?"

आमचा स्थानिक दुभाषा हसला. म्हणाला, स्वाहिलीत मामा म्हणजे आई.

त्या मुलाची आई बाजारात कोळसा विकत होती. बालगृहापासून चालत अर्ध्या तासावर. आम्ही तिला भेटलो. नवरा लढाईत गेला होता, पदरात तीन मुलं. काँगोत तेव्हा प्राथमिक शाळेलाही फी पडायची, ती २०१९ मध्ये माफ झाली. बालगृहात दिलं तर शाळा आणि एक वेळचं जेवण मिळतं, म्हणून तिने मधल्याला तिथे ठेवलं होतं. आमच्या वर्गणीतून एका मुलामागे जेवढा खर्च होत होता, त्याच्या निम्म्यात तिची तिन्ही मुलं घरी राहून शाळेत गेली असती. आमच्या वहीत मात्र तो मुलगा 'अनाथ' या रकान्यात होता. तो रकाना मीच आखून दिला होता.

आम्ही काय केलं? काही नाही. छप्पर नवं होतं, फोटो निघाले होते, चार महिन्यांत आमची तुकडी परतली. जाताना बालगृहाला एक मोठी रक्कम देऊन आलो. त्या बाईच्या हातात मात्र काहीच दिलं नाही. हे मी आजवर कुठल्याच व्हिडिओत सांगितलं नव्हतं.

पुढे वाचत गेलो तसं कळलं की, ती एकटी नव्हती. 'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेच्या २००९ च्या अहवालानुसार, जगभरातल्या अशा संस्थांमध्ये राहणाऱ्या पाचातल्या किमान चार मुलांचे आई किंवा वडील, किंवा दोघंही, हयात असतात. युनिसेफच्या व्याख्येत आई-बापांपैकी एक गेलं तरी मूल अनाथ धरलं जातं. २०१५ च्या आकडेवारीत जगात अशी जवळपास चौदा कोटी मुलं होती. त्यातली दोन्ही पालक गमावलेली सुमारे दीड कोटी. म्हणजे बाकीच्यांच्या घरात कोणीतरी एक आहे. गोमापलीकडच्या रवांडाने १९९४ च्या नरसंहारात लाखभर मुलं घरच्यांपासून तुटलेली पाहिली. तेव्हा मुलांचे फोटो गावोगाव दाखवून नातेवाईक शोधले गेले. २०१२ नंतर तर त्या देशाने संस्थांतली मुलं टप्प्याटप्प्याने कुटुंबांत परत न्यायचं धोरणच ठरवलं. आपल्याहून गरीब देश आहे तो.

ताई, तुमचं उत्तर

तर ताई, पैसे पाठवा. मुलाला दरमहा पाठवायची सवय लागली आहे, ती मोडू नका. १७८३ च्या त्या पगारकपातीतून घेण्यासारखं काही असेल, तर ते हेच. पण पाठवण्याआधी त्या बालगृहाला पत्र लिहून चार गोष्टी विचारा. तुमच्याकडच्या किती मुलांची आई, आजी किंवा मामा-मावशी हयात आहेत? मूल त्यांना कधी भेटतं? गेल्या वर्षभरात किती मुलं घरी परत गेली? आणि मूल घरी गेल्यावर आमचे पैसे त्या घरापर्यंत जाऊ शकतात का? चांगली संस्था या प्रश्नांनी रागावत नाही. तिच्याकडे उत्तरं तयार असतात. जी संस्था फक्त फोटो पाठवते, मुलाच्या घरच्यांबद्दल बोलत नाही आणि मुलांची संख्या दरवर्षी वाढल्याचं भूषण सांगते, तिथे थोडं थांबा.

आणि हे प्रश्न आफ्रिकेपुरते ठेवू नका. आपल्या तालुक्यातल्या बालगृहालाही विचारा. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. एक किंवा दोन्ही पालक गमावलेलं किंवा संकटातलं मूल घरीच राहावं, नात्यातल्या कोणी सांभाळावं, म्हणून दरमहा २२५० रुपये मिळतात. या योजनेला आता सावित्रीबाईंचं नाव दिलं आहे, आणि ते शोभतं. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये अशा मुलांसाठी दरमहा ४००० रुपयांची तरतूद आहे, ती इतर राज्यांतल्या मराठी मंडळींनाही लागू होते. गावातल्या विधवेला हा अर्ज भरायला मदत करणं, तिला जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात घेऊन जाणं, याला पैसेही लागत नाहीत. दोन सकाळ लागतात. मी गेल्या वर्षी आमच्या गावात अकरा अर्ज भरून दिले. सात मंजूर झाले, चारांचे हेलपाटे अजून चालू आहेत.

आमच्या फौजेबद्दलही एक सांगतो. आज जवान गेला तर कुटुंब निवृत्तिवेतन त्याच्या पत्नीच्या नावे होतं. मूल तिच्याजवळच वाढतं. त्याला कोणी अनाथालयात पाठवत नाही. खिदिरपूरच्या शाळेपासून इथवर यायला आपल्याला दीडशेहून अधिक वर्षं लागली.

चित्रीकरण संपवून मी आता लोअर सर्क्युलर रोडच्या दिशेने चाललोय. चालत अर्धा-पाऊण तास लागेल. साताऱ्याच्या त्या हवालदाराचा, तोही आता निवृत्त आहे, मला अजून अधूनमधून फोन येतो. मागच्या वेळी त्याने विचारलं, "साहेब, ते मामावालं पोरगं आता केवढं झालं असेल?" हिशेब केला तर पंचविशीत असेल. त्याचं पुढे काय झालं, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक नाही. वहीत त्याच्या आईचं नावही लिहून घेतलं नव्हतं.

तुम्ही लिहून घ्या. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.